अठरावा बूट

शाळेच्या स्वयंपाकघरात, लोखंडी चुलीमागे,
पलीकडच्या बेटावरून लाँचने येणाऱ्या मुलांचे
बूट वाळत असतात. नऊ मुलं, अठरा बूट.
चिलोएच्या या टोकाला आकाश खाली उतरतं
आणि चिवट पाहुण्यासारखं उठायचं नाव घेत नाही.

त्या मंगळवारी सतरा होते.

ऑर्फेलिया बटाटे सोलता सोलता म्हणाली,
“हे काही आजचं नाही, बाई.
कधी आत शिंपल्यांचा चुरा, कधी माशाची आतडी.
दर वेळी त्याच्याच. एलिसेओच्या.”
मला का नाही सांगितलंत?
तिने सुरी फडक्याला पुसली.
“तुमचं दार लावलेलं असतं.”

खोटं नव्हतं. दाराआड मी
व्हरांड्यात लावायचा फलक रंगवून घेत होते:
आमच्या शाळेत प्रत्येकाला मान.
अक्षरं फार सुबक आली होती.

मग केलं, जे वीस वर्षं करत आले.
दोघांना बोलावलं, समोरासमोर उभं केलं,
म्हटलं, द्या हातात हात. मिटलं.
रेनातोने हात पुढे केला, चटकन, हसून.
एलिसेओने दिला,
दात काढून घेताना माणूस तोंड उघडतो तसा.
मी वहीत लिहिलं, प्रकरण समाप्त,
आणि खाली रेघ मारली, पट्टीने.

दुसऱ्या दिवशी लाँचमधून आठच उतरली.
तिसऱ्या दिवशी आठ.
चौथ्या दिवशी पण.

पाचव्या दिवशी मीच लाँचमध्ये बसले.
नोल्बेर्तो सुकाणूपाशी, मूग गिळून.
अर्ध्या पाण्यात आल्यावर बोलला,
“इथंही चालायचं, बाई. मागच्या बाकावर.
मला पुढे बघावं लागतं ना. ओंडके असतात पाण्यात.”
मला पुढे बघावं लागतं ना.
माझ्याही नेमणुकीच्या कागदावर
बारीक टायपात हेच छापलेलं असणार.

आईने दार अर्धंच उघडलं.
आत धूर, ओली लोकर, रडू आलेलं कुत्र्याचं पिल्लू.
शाळेच्या वतीने, वगैरे, मी पाठ करून गेले होते.
मुलगा आतूनच म्हणाला,
“तुम्ही मला त्याचा हात धरायला लावलात.”

हो, म्हटलं. चुकलं माझं.
पाठ केलेलं बाकी सगळं
मांडीवरच्या टोपीत तसंच राहिलं.

आता माझं टेबल चुलीशेजारी आहे.
हजेरीच्या कागदांना कांद्याचा वास येतो,
शिक्षणखात्याला कळवलंय, त्यांनी उत्तर दिलेलं नाही.
मागच्या बाकावर रोज एक शिक्षक बसतो,
पाळी लावली आहे; दोघांना लाटा सोसत नाहीत,
ते पिशवी घेऊन बसतात.
रेनातोला एकट्याला बोलावलं. का केलंस विचारलं नाही,
काय काय केलंस ते विचारलं, क्रमाने.
तिसऱ्या गोष्टीपाशी त्याचं हसू थांबलं.
त्याची आई येऊन म्हणाली, पोरंच ती, चालायचंच.
तिला चहा दिला. चालायचं नाही, म्हटलं. पुन्हा चहा दिला.

उरलेल्या सातांना एकेक करून विचारलं,
काय पाहिलंस?
सहांनी चुलीकडे पाहिलं.
पहिलीतली मारिसेल म्हणाली, “बूट ना? धक्क्याखाली.
खांबाला बांधलाय. ओहोटीला दिसतो.
सगळ्यांना माहितीये.”

त्या धक्क्यावरून मी रोज चालत होते.

नोल्बेर्तोने दोरी कापली. आत कालवं चिकटलेली,
नाडीच्या जागी शेवाळ. आणि एव्हाना
एलिसेओचा पाय मोठा झाला होता.
तो येतो आता. पुढे बसतो.
मला अजून ‘नमस्ते बाई’ म्हणत नाही.
म्हणू नये. त्याची मर्जी.

सकाळी सातचाळीसला मी धक्क्यावर असते,
मग चुलीमागे वाकून मोजते. अठरा.
आज अठराच होते, पण एकात शिंपल्यांचा चुरा.
रेनातोच्या.

ऑर्फेलियाने माझ्याकडे पाहिलं.
मी वही उघडली, तारीख घातली,
चुलीपुढे एकच खुर्ची ओढली.
दुसरी भिंतीला टेकवून ठेवली.